साक्षीदाराला त्याचे अभय सांगा

आपल्या न्यायालयात साक्षीदाराला ‘या प्रश्नाचे उत्तर देणार नाही’ असे म्हणता येत नाही. उत्तर दिल्याने तो स्वतः अडकणार असला तरीही नाही. अमेरिकन चित्रपट आणि मालिका पाहून पुष्कळांची समजूत उलटी झालेली असते. तिथे १७९१ पासून राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा आधार घेऊन साक्षीदार तोंड मिटून बसू शकतो. आपल्या राज्यघटनेचे कलम २०(३) स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून वाचवते खरे, पण ते आरोपीला. साध्या साक्षीदाराचा त्यात उल्लेख नाही. त्याची सोय पुराव्याच्या कायद्यात केलेली आहे. १८७२ च्या कायद्यात ते कलम १३२ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १३७ झाले.

कलमाचा व्यवहार असा. खटल्याच्या मुद्द्याशी संबंधित प्रश्न विचारला, तर साक्षीदाराने उत्तर दिलेच पाहिजे. मात्र असे द्यायला भाग पाडलेल्या उत्तरावरून त्याला अटक होणार नाही, त्याच्यावर खटला भरला जाणार नाही आणि कोणत्याही फौजदारी कामात ते उत्तर त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाणार नाही. अपवाद एकच. उत्तर खोटे निघाले तर खोट्या साक्षीबद्दल खटला चालू शकतो.

मी न्यायदंडाधिकारी म्हणून नोकरीला लागले आणि जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. एवढ्या काळात या कलमाची माहिती असलेला साक्षीदार मला क्वचितच भेटला. कायद्याने अभय दिले आहे, पण ज्याला दिले त्याच्या कानावर ते घालण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरच टाकलेली नाही. ती न्यायाधीशावर टाकली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

साक्षीला येणारा माणूस कोण असतो, हे कोर्टाबाहेरच्या लोकांना फारसे दिसत नाही. ठाण्यातला हवालदार समन्स घेऊन घरी जातो, ‘अमक्या तारखेला अकरा वाजता’ एवढे सांगून सही घेतो. माणूस दिवसाचा रोज बुडवून एसटीने येतो आणि व्हरांड्यात बसून राहतो. ज्याच्याविरुद्ध बोलायचे तो आरोपी पुष्कळदा जामिनावर असतो आणि त्याच व्हरांड्यात आपल्या भावकीसह बसलेला असतो. मग पुकारा होतो. पिंजऱ्यात उभे राहून शपथ घ्यायची, आधी सरकारी वकिलांच्या सरतपासाला आणि नंतर बचावाच्या वकिलांच्या उलटतपासाला तोंड द्यायचे. आरोपीला वकील असतो. ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने मिळतो. सरकार पक्षाचा वकील असतोच. साक्षीदाराचा कोणी नसतो. सरकारी वकील आपले आहेत असे त्याला वाटत असते. ते सरकारची बाजू मांडायला उभे असतात, आणि साक्षीदार अडचणीत आला तर त्याला काय करायचे हे सांगणे त्यांचे काम नव्हे.

मी अतिरिक्त सत्र न्यायाधीश असताना मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात खुनाचा खटला माझ्यापुढे चालला होता. जत्रेच्या रात्री गावाबाहेर एका शेतातल्या आखाड्याजवळ एकाला भोसकले होते. बाकीचे साक्षीदार एकेक करून फितूर झाले. उरला होता तो गावात केस कापण्याचे दुकान चालवणारा पन्नाशीचा माणूस. पोलिसांपुढच्या त्याच्या जबाबात लिहिले होते की तो परसाकडे गेला होता, ओरडा ऐकून वळला आणि आरोपीला वार करताना त्याने पाहिले. सरतपासात तो तेच बोलला.

उलटतपासाला उठलेले वकील मुरलेले होते. त्यांनी खुनाच्या प्रसंगाला हातच लावला नाही. तुमचे घर त्या आखाड्यापासून किती लांब, असे विचारले. असेल की दोन किलोमीटर. परसाकडे जायला दोन किलोमीटर चालत गेलात? रात्री साडेअकराला? त्या रात्री चंद्र नव्हता, हे त्यांनी आधीच त्याच्या तोंडून वदवून घेतले होते. हातात बॅटरी होती का? नव्हती. मग इतक्या अंधारात चेहरा दिसला कसा?

तो गप्प झाला. पिंजऱ्याच्या कठड्यावरची त्याची बोटे आवळली गेली. त्याने सरकारी वकिलांकडे पाहिले. ते कागद चाळत होते. मग माझ्याकडे पाहिले. आरोपीला भिणारा साक्षीदार कसा दिसतो ते मी अनेकदा पाहिले होते. तो आरोपीच्या दिशेने बघतच नाही, आवाज खाली जातो, ‘आठवत नाही’ सुरू होते. या माणसाचे तसे काही नव्हते. आरोपीकडे बोट दाखवताना त्याचा हात थरथरला नव्हता. ‘तुम्ही तिथे काय करत होता’ या प्रश्नापाशी तो अडला होता.

मी उलटतपास थांबवला आणि दोन्ही वकिलांसमोर त्याला म्हणाले, “हे बघा काका, इथं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला द्यावंच लागेल. ते तुमच्या अंगाशी येईल असं वाटत असेल तर तसं मला सांगा, मी लिहून घेते. मग तुम्ही जे खरं सांगाल त्यावरून तुमच्यावर केस होणार नाही. खोटं सांगितलंत तर मात्र होईल.” बचावाच्या वकिलांनी हरकत घेतली, न्यायालय साक्षीदाराला शिकवत आहे म्हणून. मी हरकत नोंदवली आणि त्यांना प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला.

“साहेब, आम्ही पत्ते खेळत होतो,” तो म्हणाला. “पैशावर. पाचसहा जण होतो. मधी गॅसबत्ती होती.”

चेहरा कसा दिसला, याचे उत्तर त्या गॅसबत्तीत होते. तो तिथे का होता हे कळले. मारणारा आणि मरणारा एकाच डावाला बसले होते आणि भांडण डावावरून पेटले, हेही पुढच्या प्रश्नोत्तरांत बाहेर आले. पोलीस जबाबाशी हे जुळत नव्हते, यावर बचाव पक्षाने जोरदार युक्तिवाद केला. तो त्यांचा हक्कच होता. मी सगळे तपासून त्या साक्षीवर विश्वास ठेवला.

त्या माणसाची भीती जुगाराच्या गुन्ह्याची होती. आपल्याकडचा जुगार प्रतिबंध कायदा १८८७ चा आहे, आणि पैशावर पत्ते खेळणाऱ्याला त्यात होणारी शिक्षा खुनाच्या शिक्षेपुढे काहीच नाही. पण त्याला शिक्षेचे प्रमाण ठाऊक नव्हते. पोलीस येतील, गावात नाव जाईल, दुकानावर गिऱ्हाईक येणार नाही, एवढे त्याला दिसत होते. खून पाहिल्याचे सांगायला तो तयार होता, त्यासाठी आरोपीच्या भावकीचे वैर पत्करायलाही तयार होता. स्वतःवर गुन्हा ओढवून घ्यायला तयार नव्हता. आणि म्हणून जबाब देताना त्याने एका जागी खोटे घातले होते, जे पूर्ण साक्षीला घेऊन बुडणार होते.

साक्षीदार फितूर का होतात, याची चर्चा आपल्याकडे नेहमी पैसा आणि धमकी या दोन गोष्टींपाशी येऊन थांबते. दोन्ही खऱ्या आहेत. २०१८ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती देशभर लागू केली, ती धमकीवरचा उपाय म्हणून. पण तिसरे एक कारण आहे, आणि ते फायलीत कधीच उमटत नाही. घटना पाहणारा पुष्कळदा अशा जागी असतो जिथे त्याने असायला नको होते. चोरून वाळू भरणाऱ्या ट्रॅक्टरचा चालक नदीपात्रातला अपघात पाहतो. परवाना नसलेला पोरगा मोटारसायकलवरून जाताना दरोडेखोरांची गाडी पाहतो. गावठी दारूच्या गुत्त्यावर बसलेले लोक मारामारी पाहतात. हे लोक खोटारडे नसतात. स्वतःला झाकायला जेवढे खोटे लागते तेवढेच ते बोलतात, आणि उलटतपासात नेमके तेच खोटे उघडे पडून आरोपी सुटतो.

कायद्याचा हिशेब पाहिला तर साक्षीदाराने खरे बोलण्यातच त्याचे हित आहे. योग्य कारणाशिवाय उत्तर द्यायचे नाकारले तर न्यायालय त्याला सात दिवसांपर्यंत साध्या कैदेत पाठवू शकते. शपथेवर खोटे बोलला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. भाग पाडल्यावर खरे बोलला, तर त्या उत्तरावरून फौजदारी कारवाई नाही. हा हिशेब पिंजऱ्यातल्या माणसाला माहीतच नसेल तर तो नेहमीच चुकीचा पर्याय निवडणार. खोट्याची शिक्षा किती कडक असू शकते ते बेस्ट बेकरी प्रकरणात दिसले. गुजरातमधला तो खटला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईत पुन्हा चालवायला लावला आणि वारंवार जबाब बदलणाऱ्या मुख्य साक्षीदाराला २००६ मध्ये एक वर्षाची कैद सुनावली.

आता दुसरीकडे पाहा. एखादा आरोपी दंडाधिकाऱ्यापुढे कबुलीजबाब द्यायला उभा राहतो तेव्हा कायदा दंडाधिकाऱ्याला बजावतो, आधी त्याला सांग की कबुली द्यायची सक्ती तुझ्यावर नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ मध्ये होते, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ मध्ये आहे. नुसते सांगून भागत नाही, तसे सांगितले असे जबाबाखाली लिहून दंडाधिकाऱ्याला सही करावी लागते. मी अशी निवेदने लिहिली आहेत. काम थोडक्या वेळाचे, पण त्या ओळी नसतील तर कबुलीजबाब टिकणे अवघड. आरोपीसाठी इतकी काळजी घेणारा कायदा साक्षीदाराच्या बाबतीत एक वाक्यही बोलत नाही. कलम १३७ मध्ये ‘न्यायाधीशाने साक्षीदाराला हे समजावून द्यावे’ असे कुठेही नाही.

सांगण्याची मुभा एका जागी आहे. प्रश्न खटल्याच्या मुद्द्याशी निगडित नसेल, केवळ साक्षीदाराची अब्रू काढून त्याच्यावरचा विश्वास उडवण्यासाठी विचारलेला असेल, तर त्याला उत्तर द्यायला लावायचे की नाही हे न्यायालयाने ठरवायचे असते, आणि उत्तर देणे बंधनकारक नाही असे न्यायालय त्याला बजावू शकते. हे साक्ष्य अधिनियमाचे कलम १५१. इथेही ‘शकते’ असाच शब्द आहे. चांगला न्यायाधीश ही मुभा वापरतो. दिवसाच्या बोर्डावर ढीगभर कामे लागलेल्या न्यायाधीशाकडून ते राहून जाते.

हा प्रश्न जुना आहे. साक्षीदाराला उत्तर द्यायला लावायचे आणि बदल्यात संरक्षण द्यायचे, ही रीत इथे १८५५ च्या कायद्यानेच आणली होती. १८७२ चा कायदा लिहिणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी ती पुढे चालवली. पण ‘भाग पाडलेले उत्तर’ म्हणजे कोणते, यावर न्यायाधीशांत फूट पडली. १८८१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने बहुमताने म्हटले की साक्षीदाराने आधी हरकत घ्यायला हवी, ती फेटाळून न्यायालयाने उत्तर द्यायला लावले तरच संरक्षण. त्याच पीठावरच्या न्यायमूर्ती मुथुस्वामी अय्यर यांना हे पटले नाही. कायदाच उत्तर द्यायला लावत असेल तर निराळी सक्ती कशाला दाखवायची, असा त्यांचा विचार होता. मला तो सुरुवातीपासून योग्य वाटत आला आहे. ज्याला हक्कच माहीत नाही तो हरकत घेणार कशी? मुंबईत शिकलेला व्यापारी, ज्याच्या मागच्या बाकावर त्याचा स्वतःचा वकील बसला आहे, तो हरकत घेईल. गेवराईचा ऊसतोड कामगार घेणार नाही. म्हणजे एकच कलम दोघांना दोन तऱ्हेने लागू होणार.

२०१५ मध्ये तामिळनाडूतील एका खून खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर हाच पेच आला. एका साक्षीदाराच्या स्वतःच्या साक्षीतूनच त्याचा गुन्ह्याशी संबंध दिसत होता, म्हणून त्यालाही आरोपी करा, अशी मागणी आरोपीने केली होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही. साक्षीदाराच्या तोंडून कायद्याने काढून घेतलेले शब्दच त्याच्या गळ्याशी आणता येणार नाहीत, असा त्या निकालाचा आशय. या निकालाने पारडे साक्षीदाराकडे झुकले आहे. तरीही खालच्या न्यायालयात उभ्या असलेल्या माणसाला हा निकाल कोण सांगणार, हा माझा मुद्दा तसाच राहतो.

आपल्या मुंबईचेच एक प्रकरण आहे, लक्ष्मीपत चोरारिया विरुद्ध महाराष्ट्र राज्य. साठच्या दशकातली सोन्याची तस्करी. तस्करीत स्वतः हात असलेल्या एका हवाई सुंदरीला आरोपी न करता, रीतसर माफीही न देता, सरकार पक्षाने साक्षीदार म्हणून उभे केले. तिची साक्ष चालते का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी कलम १३२ चाच आधार घेऊन ती चालते असे ठरवले. पण त्याच निकालात त्यांनी एक इशारा दिला, तो आजही प्रत्येक सरकारी वकिलाने ध्यानात ठेवावा असा आहे. साथीदाराच्या डोक्यावर खटल्याची टांगती तलवार ठेवून त्याला साक्षीला उभे करणे म्हणजे खोट्या साक्षीला उत्तेजन देणे, असे त्यांनी सुचवले.

या तलवारीची दुसरी बाजू आपण २६/११ च्या खटल्यात पाहिली. हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीला डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने माफीचा साक्षीदार केले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने अमेरिकेतून दूरदृश्य यंत्रणेद्वारे साक्ष दिली. त्याला मिळालेले संरक्षण साक्षीच्या आधी, न्यायालयाच्या आदेशाने, अटींसकट नोंदलेले होते. कटाची माहिती बाहेर यावी म्हणून तो निर्णय घेतला गेला आणि मला तो योग्य वाटतो. पण कटात सामील असलेल्याला संरक्षण आधी समजावून मिळते आणि पत्त्यांच्या डावाला बसलेल्याला ते असल्याचेही कळत नाही, हे मला न्यायाचे वाटत नाही.

एक गोष्ट वाचकांना विसंगत वाटेल. पोलीस ठाण्यात साक्षीदार गप्प राहू शकतो, कोर्टात नाही. तपासात पोलिसांनी विचारलेल्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यायची असतात, मात्र ज्या उत्तराने स्वतःवर फौजदारी आरोप येण्याचा संभव आहे ते देण्याचे बंधन नाही. जुन्या संहितेचे कलम १६१(२), नव्या संहितेचे १८०(२). ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या हक्काला राज्यघटनेच्या कलम २०(३) ची जोड दिली. कारण उघड आहे. ठाण्याच्या खोलीत न्यायाधीश नसतो, शपथ नसते आणि उत्तराला कोर्टातल्यासारखे कवच नसते. म्हणून तिथे मौनाची मुभा. नार्को चाचणीबाबतही २०१० च्या सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ती कोणावरही सक्तीने करता येणार नाही. आरोपीवर नाही, संशयितावर नाही आणि साक्षीदारावरही नाही.

मात्र पोलीस ठाणे आणि कोर्ट यांच्या मधली एक जागा आहे, तिथे ना मौन ना कवच. सक्तवसुली संचालनालयाचे समन्स आले की माणसाला जावे लागते, खरे सांगावे लागते आणि सही करावी लागते. आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याचे कलम ५०. हे अधिकारी पोलीस नाहीत आणि समन्सच्या टप्प्यावर माणूस आरोपी नसतो, म्हणून कलम २०(३) लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ जुलै २०२२ च्या निकालात म्हटले. समन्स मिळालेल्याला आपण साक्षीदार आहोत की उद्याचे आरोपी, हे कळत नाही. समन्सवर ते लिहिलेले असावे, ही मागणी कोणत्याही पक्षाची बाजू घेऊन मी करत नाही. सत्ता कोणाचीही असली तरी नागरिकाला आपण कोणत्या नात्याने बोलावले गेलो हे समजले पाहिजे.

लाचेच्या खटल्यांकडे मी याहून अधिक काळजीने पाहते, कारण ते तालुक्यातालुक्यात चालतात. तलाठी, मोजणीदार, अभियंता पैसे मागतो, नागरिक लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जातो, सापळा लागतो, पावडर लावलेल्या नोटा, पंच, सगळे होते. लाच देणाऱ्याच्या जबाबाला १९८८ च्या कायद्यात कलम २४ चे संरक्षण होते. २०१८ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले आणि लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा केला. नाइलाजाने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवले तरच सूट. आता तक्रारदार पिंजऱ्यात उभा राहतो आणि बचावाचे वकील विचारतात, “याआधी या साहेबांना किती वेळा पैसे दिलेत?” सहा महिन्यांपूर्वी पहिला हप्ता दिलेला असतो, कळवलेला नसतो. खरे सांगावे तर आपणच गुन्हेगार, खोटे सांगावे तर साक्ष गेली. या क्षणाला त्याला कलम १३७ सांगायला हवे. नाही सांगितले तर पुढचा तक्रारदार विभागाची पायरी चढण्याआधी दहादा विचार करेल.

माझ्या मताला विरोध करणारे दोन गोष्टी सांगतात. पहिली, न्यायाधीशाने साक्षीदाराला समजावणे म्हणजे एका पक्षाला झुकते माप. मला हे पटत नाही. दोन्ही पक्षांसमोर, ठरलेल्या शब्दांत, काय उत्तर द्यायचे याबद्दल अवाक्षर न काढता कायदा सांगणे म्हणजे शिकवणे नव्हे. बचाव पक्षाच्या साक्षीदारालाही तेच शब्द ऐकवायचे आहेत. दुसरी शंका अधिक वजनदार आहे. एखादा गुन्हेगार मुद्दाम साक्षीला उभा राहून आपले सगळे गुन्हे सांगून टाकेल आणि कायमचा सुटेल. तसे होत नाही. न विचारता आपणहून सांगितलेल्या गोष्टीला ‘भाग पाडलेले उत्तर’ म्हणता येणार नाही. पोलिसांना त्याच गोष्टीचा वेगळा, स्वतंत्र पुरावा सापडला तर काय, यावर कलमाची भाषा नि:संदिग्ध नाही, आणि हे संसदेने स्पष्ट करायला हवे होते. नवा कायदा करताना ती संधी होती. जुन्या कलमातला मजकूर जवळजवळ तसाच नव्या क्रमांकाखाली आला.

आणखी एक मर्यादा साक्षीदाराला प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कवच फौजदारी कामापुरते आहे. सरकारी नोकराने साक्षीत दिलेली कबुली खात्याच्या चौकशीत निघणार नाही, असे कलम म्हणत नाही. न्यायाधीशाने अर्धवट आश्वासन देऊ नये.

हे सगळे करायला संसदेची वाट पाहण्याची गरज नाही. दुय्यम न्यायालयांच्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम २२७ ने उच्च न्यायालयाला दिला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेवर महाराष्ट्रातल्या प्रत्येक दंडाधिकाऱ्याचे टेबल चालते. तिच्यात एक परिच्छेद घालावा: ज्या प्रश्नाच्या उत्तराने साक्षीदार गुन्ह्यात गुंतण्याचा संभव आहे तो आला की न्यायाधीशाने त्याला कलम १३७ त्याच्या भाषेत सांगावे, आणि ‘सांगितले, समजले, उत्तर देण्यास भाग पाडले’ असे साक्षीच्या कागदावर नोंदवावे. समन्सच्या मागच्या बाजूला हीच चार वाक्ये सोप्या मराठीत छापावीत. ती बाजू कोरीच असते. जिल्हा आणि तालुका विधी सेवा समितीचे वकील कोर्टाच्या आवारात असतात. आरोपीसाठी ते मिळतात तसे अडलेल्या साक्षीदारालाही त्याच दिवशी दहा मिनिटे सल्ला द्यायला मिळावेत.

तोपर्यंत हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला साक्षीचे समन्स आले आणि मनात अशी धास्ती असली, तर खोटे बोलू नका आणि गप्पही बसू नका. प्रश्न आला की न्यायाधीशांकडे वळून म्हणा, “साहेब, याच्या उत्तराने माझ्यावर गुन्हा येऊ शकतो. माझी हरकत लिहून घ्या. तुम्ही सांगाल तर मी उत्तर देतो.” हरकत नोंदली गेली आणि न्यायालयाने उत्तर द्यायला सांगितले, की जे खरे आहे ते सगळे सांगा. सही करण्यापूर्वी ती नोंद कागदावर आली आहे ना, ते वाचून पाहा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. साक्ष वाचून दाखवली जाणे हा तुमचा हक्क आहे.